वाचल्याशिवाय सही नाही

माझ्या अंगावरचा काळा रंग चार-पाच ठिकाणी उडाला आहे. डावीकडची एक कळ जरा जोरात दाबावी लागते. ओळ संपताना वाजणारी घंटा मनात आले तर वाजते, नाहीतर नाही. तरीही मित्रांनो, मी ताठ मानेने सांगतो, की मी नाशिकरोडचा एक इंग्रजी टाइपरायटर आहे आणि माझ्या हातून एक असे काम झाले आहे, ज्याचा अभिमान मला आजही पुरतो.

माझा जन्म कलकत्त्याच्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्या अक्षरांच्या काड्या एकेक करून बसवल्या. शेवटी चष्मा लावलेल्या एका माणसाने माझ्यावर एकच वाक्य वीस वेळा टाइप केले, कागद उजेडात धरून पाहिला आणि मला पास केले. लाकडी खोक्यात बसून मी नाशिकला आलो. पहिली नऊ वर्षे मी शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या एका माल वाहतुकीच्या ऑफिसात काढली. माल मिळाला, माल पाठवला, माल भिजला. याच्यापलीकडे मला काही लिहायला मिळाले नाही. १९७१ साली ते ऑफिस बंद झाले. सामान विकायला काढले, तेव्हा एक मोडका पंखा, दोन खुर्च्या आणि मी असे शेजारी शेजारी उभे होतो.

मला विकत घेतले लताबाई दोंदे यांनी. घेण्याआधी त्यांनी माझी प्रत्येक कळ दाबून पाहिली, कागद मागून घेतला, सगळी अक्षरे उमटवली आणि ती शांतपणे वाचली. ऑफिसचा माणूस कंटाळला, पण लताबाईंनी घाई केली नाही. तेव्हाच मला वाटले, की आपण बऱ्या घरी चाललो आहोत.

लताबाई मॅट्रिक झालेल्या होत्या. टायपिंगच्या क्लासात सगळे पुरुष असताना त्या एकट्या बाई शिकल्या होत्या. त्यांचे यजमान सहादू टपाल खात्यात होते. त्यांच्या ओळखीने नाशिकरोडच्या टपाल कचेरीशेजारी, एका वह्या-पुस्तकांच्या दुकानाच्या ओट्यावर आम्हाला जागा मिळाली. एक टेबल, दोन स्टुले आणि एक पाटी: 'इंग्रजी टायपिंग करून मिळेल'. बदलीचे अर्ज, नळाच्या तक्रारी, नोकरीचे अर्ज, सगळे माझ्याकडे येऊ लागले.

लताबाईंची एक सवय होती. कागद टाइप झाला की त्या तो लगेच हातात देत नसत. आधी इंग्रजीतले प्रत्येक वाक्य मराठीत सांगत आणि विचारत, "हेच म्हणायचं होतं ना?" काही लोक चुळबुळ करत. काही म्हणत, बाई, तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार. तरी त्या पूर्ण वाचूनच दाखवत. त्यामुळे आमच्या टेबलासमोर नेहमी रांग असे, आणि त्या रांगेचा मला फार अभिमान वाटे.

आता जे सांगतो ते १९७८ सालच्या मार्च महिन्यातले.

एके सकाळी एकलहऱ्याच्या बसमधून सावळीराम पगारे आणि त्यांची सून मालन उतरली. सावळीराम एकलहऱ्याचे औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले तेव्हापासून तिथे बॉयलरवर काम करत होते. त्यांचा मुलगा मल्हारी शिष्यवृत्तीवर इंजिनिअर झाला, अमेरिकेला गेला आणि तिथेच एका वीज कंपनीत लागला. त्यांच्या सगळ्या वस्तीतून एवढ्या लांब गेलेला तो पहिलाच. १९७६ च्या मे महिन्यात तो महिनाभराच्या रजेवर आला आणि पेठ गावच्या एका शाळामास्तरांच्या मुलीशी, म्हणजे मालनशी, त्याचे लग्न झाले. रजा संपल्यावर तो परत गेला. मालनच्या व्हिसाचा अर्ज केला होता, पण नंबर लागायचा होता. ती दोन वर्षे सासरी एकलहऱ्याच्या क्वार्टरमध्ये राहत होती.

मल्हारीचे पाकीट आले होते. त्यात एक छोटे पत्र आणि छापील फॉर्मचे एकच पान होते. पत्र मराठीत होते. मालनने ते टेबलावर ठेवले. मल्हारीने लिहिले होते, की अमेरिकेत लग्न झालेल्या माणसाला आयकराचा फॉर्म दोन तऱ्हांनी भरता येतो, एकट्याचा वेगळा किंवा नवरा-बायकोचा मिळून. बायको कमावत नसली तरी मिळून भरता येतो आणि कर कमी बसतो. गेल्या वर्षी त्याने एकट्याचा भरला होता, यंदा मिळून भरायचा होता. बाकीचे तिथला हिशोबनीस भरणार होता. मालनने फक्त पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही करून पान लगेच पाठवायचे होते. पंधरा एप्रिल ही शेवटची तारीख होती.

सावळीराम म्हणाले, की पाकिटावर पत्ता इंग्रजीत टाइप करून द्या, एवढंच काम हाय.

मालनने मात्र ते छापील पान लताबाईंपुढे सरकवले आणि सहीच्या वर बारीक अक्षरात काय छापले आहे, ते विचारले. तिला इंग्रजी अक्षरे वाचता येत होती, पण ते वाक्य लांब आणि अवघड होते.

लताबाईंनी चष्मा पुसला आणि सावकाश सांगितले, "खोटं निघालं तर शिक्षेला पात्र राहून मी जाहीर करते, की हा फॉर्म मी तपासला आहे आणि माझ्या माहितीप्रमाणे तो खरा आणि पूर्ण आहे."

मालनने पान उलटसुलट करून पाहिले. सगळे रकाने कोरे होते. पहिले पान तर आलेच नव्हते.

"मामा," ती सासऱ्यांना म्हणाली, "यात लिहिलंय की मी तपासलंय. मी तर काहीच बघितलं नाय."

सावळीरामांना ते आवडले नाही. ते म्हणाले, "आपल्या मल्हारीचा कागद हाय. परक्याचा नाय."

मालनने ते पान घडी करून पाकिटात ठेवले. थोड्या वेळाने तिने लताबाईंना पत्र टाइप करायला सांगितले. मल्हारीला मराठी येत असताना इंग्रजी कशाला, असे लताबाईंनी विचारले. तेव्हा ती म्हणाली, की हे पत्र तिथल्या हिशोबनिसालाही वाचता आले पाहिजे.

मित्रांनो, मी तोवर हजारो पत्रे लिहिली होती. पण त्या दिवशी लताबाईंची बोटे माझ्यावर जशी पडली, तशी कधी पडली नव्हती. मालन एकेक वाक्य मराठीत सांगत होती आणि त्या ते इंग्रजीत करत होत्या. मजकूर अगदी थोडा होता. "तुमच्यावर माझा विश्वास आहे. मी कमावत नाही हे खरे आहे, पण सही माझी आहे. मी तपासले असे ज्यावर छापले आहे, त्यावर मी न तपासता सही करणार नाही. पूर्ण भरलेला फॉर्म पाठवा. मी तो वाचून घेईन आणि लगेच उत्तर देईन."

लताबाईंनी सवयीप्रमाणे पत्र वाचून दाखवले. मालनने पहिल्या वाक्याला पुन्हा एकदा मान हलवली. मग पत्र शेजारच्या कचेरीतून हवाई टपालाने गेले.

त्यानंतरचे दिवस त्या घरात जड गेले. मालन आठवड्यातून एकदा टपाल कचेरीत अडकले नाही ना ते विचारायला येई आणि आमच्या ओट्यावर बसून पाणी पिई, तेव्हा कळत गेले. सासूबाई धोंडाबाई तिच्याशी कामापुरत्याच बोलत होत्या. कॉलनीत बायका विचारत होत्या, की नवऱ्याचा एवढासा कागद तुला करवत नाही का. परदेशी गेलेल्या मुलांनी बायकोला मागेच ठेवून दिल्याच्या दोन-तीन गोष्टी सगळ्यांना पाठ होत्या. मालनलाही त्या ठाऊक होत्या. तिने एकदा लताबाईंना सांगितले, की रोज दुपारी टपालवाल्याची सायकल दिसली की हातातले काम टाकून मी दारात जाते.

एके दिवशी सावळीराम एकटेच आले. ड्युटीवरून सुटून सरळ आले होते, कपड्यांना कोळशाचा वास होता. त्यांनी लताबाईंना हळू आवाजात सांगितले, की मालनच्या नावाने एक पत्र टाइप करा. पोरगी अजाण आहे, चुकली, माफ करा, जे पान येईल त्यावर सही करीन, असे लिहा. खाली नाव टाकायचे ते बघून घेऊ.

लताबाईंनी कागद माझ्यात घातलाच नाही. त्या म्हणाल्या, "दादा, तिच्या नावाचं पत्र तिच्याच तोंडून घेईन. तुमच्या नावाचं लिहायचं असेल तर आत्ता लिहिते."

सावळीराम स्टुलावर बसले. मग म्हणाले, "मला त्या पोरीची भीती वाटती, बाई. त्यानं टाकली तर तिच्या बापाला मी काय तोंड दाखवू?"

तेव्हा मला कळले, की हा माणूस रागावलेला नव्हता, घाबरलेला होता. लताबाईंनी त्यांना चहा मागवला. पत्र काही लिहिले गेले नाही.

तीन एप्रिलला जाड पाकीट आले. मालन ते न फोडताच घेऊन आली. सावळीरामही रजा टाकून बरोबर आले होते. तिने पाकीट लताबाईंपुढे ठेवले आणि त्यांनी ते फोडले.

मल्हारीचे पत्र चार पानांचे होते. लताबाईंनी ते मोठ्याने वाचले. त्याने लिहिले होते, की तुझे पत्र आले तेव्हा आधी मला वाईट वाटले. मग ते पुन्हा वाचले आणि हिशोबनिसाकडे जाऊन पूर्ण फॉर्म मागितला. "मालन, मीही न वाचताच सही केली होती," असे त्याचे वाक्य होते. फॉर्म वाचला तेव्हा त्याला दिसले, की काम लवकर उरकावे म्हणून त्या माणसाने मालन वर्षभर अमेरिकेतच राहते असे लिहून टाकले होते. ते धडधडीत खोटे होते. ती तर नाशिकला व्हिसाची वाट बघत होती. पुढे व्हिसाच्या मुलाखतीत हाच फॉर्म समोर आला असता, तर खाली तिची सही असती आणि वर खोटी माहिती. व्हिसा तर दूरच, दोघांनाही जाब द्यावा लागला असता.

सावळीरामांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. बराच वेळ त्यांनी ती परत घातली नाही.

पत्राच्या पुढच्या भागात खरी निवड होती. मल्हारीने नवा फॉर्म स्वतः भरून पाठवला होता. त्याने लिहिले होते, की बायको परदेशात असली तरी मिळून फॉर्म भरायचा खरा रस्ता आहे. त्यासाठी दोघांनी एक निवेदन जोडायचे असते: आमच्यापैकी एक जण इथला रहिवासी नाही, तरी करापुरते आम्हा दोघांनाही पूर्ण वर्षाचे रहिवासी धरावे. मग जगात कुठेही दोघांची जी कमाई असेल ती दाखवावी लागते आणि फॉर्मबद्दल दोघेही सारखे जबाबदार होतात. दोघांपैकी कोणीही ही निवड पुढे रद्द करू शकतो, पण एकदा रद्द केली की या दोघांना ती पुन्हा कधीच करता येत नाही. मजकूर त्याने हाताने लिहून पाठवला होता. पटला तर ज्या बाईंनी तुझे पत्र टाइप केले त्यांच्याकडूनच टाइप करून घे, असे म्हटले होते. आणि शेवटी लिहिले होते, "नको वाटलं तर मी एकट्याचा भरीन. जास्त भरावे लागेल ते भरीन. माझी तक्रार नाही. ठरव तू."

मालनने सगळा फॉर्म समजून घेतला. लताबाई एक रकाना वाचत, सांगत, ती मान हलवे तेव्हाच पुढे जात. तिने फक्त दोन गोष्टी विचारल्या. रद्द करायची झाली तर मलाही करता येईल ना, की फक्त त्यांना? दोघांनाही, असे लताबाईंनी परत वाचून सांगितले. आणि माझी कमाई शून्य आहे, मग मी जबाबदार कशी? लताबाई म्हणाल्या, की कमाई नसली तरी सांगितलेले खरे आहे याची जबाबदारी दोघांची असते.

त्या दिवशी तिने सही केली नाही. सगळे कागद घरी नेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही टेबल मांडायच्या आधीच दोघे येऊन उभे होते. लताबाईंनी विचारायच्या आत सावळीराम सुनेला म्हणाले, "काय लिवलंय ते मलाबी सांग. तुझ्या बोलीत."

मालनने सांगितले. निवेदन काय, कमाई कुठली दाखवायची, कोण रद्द करू शकतो, एकदाच म्हणजे काय, सगळे तिने कागदाकडे न बघता सांगितले. टपाल कचेरीत आलेली दोन माणसे थांबून ऐकू लागली. लताबाई नंतर सहादूंना म्हणाल्या, की सासऱ्याला समजावताना ऐकले तेव्हाच माझी खात्री पटली, की या मुलीला सगळे कळले आहे.

"मिळून भरायचा," मालन म्हणाली. "मी बघितलंय. खरं हाय. सही करते."

लताबाईंनी नवी रिबीन चढवली. जाड पांढरा कागद माझ्यात घातला. पहिल्या खेपेला तारखेत एक आकडा चुकला. खोडून चालणार नव्हते, म्हणून त्यांनी पुन्हा नवा कागद घेतला. त्या निवेदनात मल्हारी सावळीराम पगारे आणि मालन मल्हारी पगारे ही दोन नावे एकाखाली एक होती. एक जण मोठ्या पगाराचा इंजिनिअर, दुसरी जिची कमाई शून्य. मी दोन्ही नावे सारख्याच ठळक अक्षरांत उमटवली. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी इतके स्वच्छ पान लिहिले नाही.

सही मराठीत चालेल का, असे मालनने विचारले. लताबाई म्हणाल्या, "तुझी सही आहे तशीच कर."

तिने सही केली. सावळीरामांनी स्वतः रांगेत उभे राहून पाकीट रजिस्टर केले आणि पावती खिशात न ठेवता सुनेच्या हातात दिली.

अकरा दिवस राहिले होते. पाकीट पोचले का हे कळायला मे उजाडला. तेरा एप्रिलला पोचले होते आणि मल्हारीने चौदाला आपली सही करून फॉर्म भरला होता. ते पत्र घेऊन धोंडाबाई स्वतः आमच्या ओट्यावर आल्या. एवढी वर्षे त्या कधी आल्या नव्हत्या. त्यांनी लताबाईंना फारसे काही सांगितले नाही, पण जाताना माझ्यावरची धूळ पदराने पुसली.

पुढच्या वर्षी मालनचा नंबर लागला. मुंबईला मुलाखतीत अधिकाऱ्याने फॉर्म आणि निवेदन पाहून विचारले, की तुम्ही नाशिकला होता, मग अमेरिकेच्या रहिवासी कशा? तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत, पण न अडखळता, करापुरते आणि राहण्यापुरते यातला फरक सांगितला. जाण्याआधी ती मला भेटायला आली. हो, मलाच. तिने माझ्यासाठी लाल-काळ्या रिबिनीची डबी आणली होती.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. १९८२ साली सावळीराम निवृत्त झाले. त्यांच्या कागदांवर कोणीतरी बोट ठेवून इथे सही करा म्हटले. ते कागद घेऊन तिथून उठले आणि सरळ आमच्याकडे आले. पिशवीतून पाण्याची बाटली काढून टेबलावर ठेवली, स्टूल ओढले आणि लताबाईंना म्हणाले, "पहिल्या पानापासनं वाचा. सुनेनं माझ्या देखत महिना थांबून दाखवला. मला आता कुठं ड्युटीला जायचंय?"

त्यांच्या नोकरीच्या वर्षांत तीन वर्षे कमी धरली होती. ती दुरुस्ती करण्याचा अर्ज मीच लिहिला.

मग माझे दिवस पालटले. चौकात विजेवर चालणारी टायपिंगची यंत्रे आली, झेरॉक्स आले. लोकांना कागद झटपट हवे झाले, वाचून दाखवणे नको झाले. लताबाईंची नजरही अधू झाली. १९८५ साली त्यांनी टेबल आवरले आणि मला गोणपाटात गुंडाळून घरच्या माळ्यावर ठेवले. माझ्या काड्यांना गंज धरला. एका कोळ्याने रोलरखाली जाळे विणले. मी रुसलो नाही, पण मनातून खचलो. ज्याला काम नाही, त्याला आपले नाव तरी कशाला हवे, असे वाटू लागले.

१९८८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेहून लताबाईंना पत्र आले. सहादूंनी ते वाचून दाखवले आणि माळ्यावर मला ऐकू आले. मालन लिहीत होती, की दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये शनिवारी ती गावच्या वाचनालयात एका टेबलावर बसते. नव्याने आलेल्या, अजून न कमावणाऱ्या, इंग्रजी कच्चे असलेल्या बायका तिथे फॉर्म घेऊन येतात. कोणी कोरियाची, कोणी मेक्सिकोची. मिळून भरावा की वेगळा, हे मालन त्यांना सांगत नाही. फक्त प्रत्येक रकाना समजावते आणि ठरवणे त्यांच्यावर सोडते. बायका विचारतात, की हे तू कुठे शिकलीस. ती सांगते, नाशिकरोडला, टपाल कचेरीशेजारी.

लताबाईंनी ते पत्र पुन्हा एकदा वाचायला लावले. मग त्यांनी सहादूंना शिडी आणायला सांगितली.

मेकॅनिकने मला दोन दिवस रॉकेलने धुतले, तेल घातले, रोलर बदलला. घंटा मात्र त्याला पूर्ण जमली नाही. आता मी एकलहऱ्याच्या कॉलनीतल्या समाजमंदिरात असतो, तिथे लताबाई टायपिंग शिकवतात. लताबाईंना अक्षरे नीट दिसत नाहीत, पण कळांच्या आवाजावरून त्या चूक ओळखतात. बायका टायपिंग शिकायला येतात, आणि येताना घरातले न कळलेले कागदही आणतात.

मित्रांनो, माझ्या दोन मागण्या आहेत. तुमच्या घरात, ऑफिसात माझ्यासारखे जुने यंत्र असेल, तर त्याला गोणपाटात गुदमरू देऊ नका. वर स्वच्छ कापड टाका, महिन्यातून एकदा तेलाचा थेंब द्या आणि अधूनमधून एखादे पान तरी लिहा. आणि तुमच्यापुढे कोणी कागद सरकवला, मग तो माणूस कितीही जिवाभावाचा असो, तर पहिल्या पानापासून वाचा. समजले नाही तर विचारा. विचारण्याने माया कमी होत नाही, हे मी एका घरात डोळ्यांनी पाहिले आहे.

आता मला थांबायला हवे. समोर बालवाडीच्या सुलाबाई येऊन बसल्या आहेत. बालवाडीला पक्की खोली मिळावी म्हणून अर्ज करायचा आहे, आणि आज त्या पहिल्यांदाच तो स्वतःच्या बोटांनी लिहिणार आहेत.